‘पार्टी’ मराठीत आणताना: अनुवादक आणि उपसंपादकांसाठी

इंग्रजी मजकुरात ‘पार्टी’ दिसली की हात आपोआप ‘पक्ष’ टाइप करतो. राजकीय बातमीत ते बहुतेक वेळा खपून जातं. पण हाच शब्द खरेदीखतात, विमा पॉलिसीत, ग्राहक आयोगाच्या आदेशात, गिर्यारोहणाच्या वृत्तान्तात आणि लग्नाच्या पत्रिकेतही येतो. दर ठिकाणी त्याला वेगळा मराठी शब्द लागतो आणि तो चुकला की नुसतं वाक्य बिघडत नाही, कधी कधी कराराचा अर्थच उलटतो.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘भाग’. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. वादातला एक भाग म्हणजे एक बाजू, मोठ्या सैन्यातून वेगळा काढलेला भाग म्हणजे तुकडी, एकत्र जमलेली मंडळी म्हणजे समारंभ. अर्थांचं हे गणगोत ध्यानात ठेवलं की कोश न उघडताही निम्मे प्रश्न सुटतात. उरलेल्यांसाठी पुढची रीत.

आधी सगळा मजकूर चाळा

पहिल्या वाक्यापासून भाषांतर सुरू करू नका. फाइल उघडून इंग्रजी शब्दाचा शोध घ्या, एकवचनी आणि अनेकवचनी दोन्ही रूपांत. दहा पानांच्या करारात तो शंभरदा सापडला तरी नवल नाही. प्रत्येक जागी दोन गोष्टी पाहा: पहिलं अक्षर मोठं आहे का, आणि पुढेमागे कोणता छोटा शब्द आहे.

करारात मोठ्या अक्षराने लिहिलेली ‘पार्टी’ ही व्याख्या केलेली संज्ञा असते. पहिल्या पानावर कुठेतरी ‘यापुढे ज्यांचा उल्लेख अमुक असा केला आहे’ असं वाक्य असतंच. तिथे जो मराठी शब्द ठराल तो शेवटच्या पानापर्यंत तसाच ठेवायचा. शाळेत शिकवतात की एकच शब्द सारखा वापरू नये. करारात ही शिकवण घातक आहे. तिसऱ्या कलमात ‘पक्ष’, सातव्यात ‘पक्षकार’ आणि बाराव्यात ‘संबंधित व्यक्ती’ असं लिहिलंत, तर समोरचा वकील ‘हे तिघे वेगळे आहेत का?’ असं विचारणारच.

छोट्या शब्दांचं गणित असं. शब्दाच्या लगेच नंतर ‘टू’ असेल (‘पार्टी टू’) तर करार, खटला किंवा एखाद्या कृत्यातला सहभाग. ‘ऑफ’ आणि पुढे संख्या असेल तर माणसांची मोजणी. ‘फॉर’ आणि पुढे व्यक्ती किंवा प्रसंग असेल तर बहुधा समारंभ. अपवाद आहेत, पण वाक्य सुटत नसेल तेव्हा इथूनच सुरुवात करावी. ‘ही वॉज पार्टी टू द डिसिजन’ याचं ‘तो निर्णयाचा पक्ष होता’ असं भाषांतर छापून आलेलं दिसतं. मराठीत त्याला ‘त्या निर्णयात त्याचाही सहभाग होता’ म्हणतात, आणि निर्णय वाईट असेल तर ‘त्याचाही हात होता’.

दस्त आणि करार

महाराष्ट्रातल्या दस्तांची स्वतःची जुनी परिभाषा आहे आणि ती ‘पक्ष’पेक्षा कितीतरी स्पष्ट आहे. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र या सगळ्यांत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे दोघे असतात. कोण हक्क सोडतो आणि कोण घेतो हे शब्दातच कळतं. इंग्रजी मसुद्यातल्या ‘पार्टी ऑफ द फर्स्ट पार्ट’ला म्हणूनच ‘पहिल्या भागाचा पक्ष’ करण्याची काही गरज नाही. व्यवहार विक्रीचा असेल तर ‘लिहून देणार’ लिहून मोकळे व्हा. दोन कंपन्यांतला सेवाकरार असेल आणि देणारा-घेणारा असं नातं सरळ नसेल, तर ‘पक्ष क्रमांक १’ आणि ‘पक्ष क्रमांक २’ चालतं.

‘कन्फर्मिंग पार्टी’ हा तिसरा गडी. जमीन भावाच्या नावावर असते, पण बहिणीची हरकत नाही हे कागदावर यावं म्हणून तिची सही घेतात. तिला ‘संमती देणार’ किंवा ‘मान्यता देणार’ म्हणतात. ‘पुष्टी करणारा पक्ष’ हे हिंदीच्या वळणाचं भाषांतर आहे आणि दुय्यम निबंधक कार्यालयातल्या कोणालाही ते ओळखीचं वाटणार नाही.

भाड्याच्या करारात अधिक जपून. लीव्ह अँड लायसन्स करारातल्या दोन्ही बाजूंना सरसकट ‘घरमालक’ आणि ‘भाडेकरू’ करून टाकण्याची सवय आहे. बोलताना ठीक. पण लायसन्स घेणारा कायद्याने भाडेकरू नसतो, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये दोघांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. कागदावर ‘लायसन्स देणार’ आणि ‘लायसन्स घेणार’ लिहा. दिसायला बोजड, पण वाद झालाच तर हाच बोजडपणा कामी येतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र ‘पार्टी’ची नसून तिच्या आधीच्या शब्दाची असते. ‘आयदर पार्टी’ म्हणजे दोघांपैकी कोणीही एक. ‘ईच पार्टी’ म्हणजे प्रत्येकाने स्वतंत्रपणे. ‘बोथ पार्टीज’ म्हणजे दोघांनी. मराठीत या तिन्हींना ‘दोन्ही पक्ष’ लिहिण्याचा मोह होतो, आणि मग काय होतं ते पाहा. मूळ कलम असं, की कोणत्याही एका पक्षाला ३० दिवसांची सूचना देऊन करार संपवता येईल. भाषांतर होतं: ‘दोन्ही पक्ष ३० दिवसांची सूचना देऊन करार संपवू शकतील.’ आता वाचणारा म्हणू शकतो की दोघांची संमती हवी, एकट्याला तो अधिकारच नाही. योग्य वाक्य: ‘दोहोंपैकी कोणत्याही एका पक्षाला दुसऱ्या पक्षास ३० दिवस आधी लेखी सूचना देऊन हा करार संपवता येईल.’ ‘ईच पार्टी शॅल बेअर इट्स ओन कॉस्ट्स’साठी ‘प्रत्येक पक्ष आपापला खर्च स्वतः सोसेल’. या ‘आपापला’ने जे काम एका फटक्यात होतं, ते ‘त्याचा स्वतःचा’ने कधीच होत नाही.

न्यायालय आणि आयोग

खटल्यात ‘पार्टी’ला सर्वसाधारण शब्द ‘पक्षकार’. पण शक्य तिथे सर्वसाधारण शब्द टाळून भूमिका लिहा: दिवाणी दाव्यात वादी-प्रतिवादी, अर्जात अर्जदार-गैरअर्जदार, अपिलात अपीलकर्ता आणि उत्तरवादी. ‘पक्षकारांनी पुरावे दाखल केले’ या वाक्यात कोणी काय दाखल केलं, याचा पत्ता लागत नाही. ‘आवश्यक पक्षकार’ हा मात्र ठरलेला शब्द आहे. ज्याच्या गैरहजेरीत परिणामकारक निकालच देता येत नाही तो आवश्यक पक्षकार. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ मध्ये नियम ९ आणि १० याच विषयाचे आहेत. कोणाचं तरी नाव जोडायचं राहिलं एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, पण राहिलेला माणूस आवश्यक पक्षकार असेल तर ही सवलत मिळत नाही. त्यामुळे ‘आवश्यक’ऐवजी ‘महत्त्वाचा पक्षकार’ लिहिणं म्हणजे कलमाचा कणाच काढून घेणं.

ग्राहक संरक्षण कायद्यात ‘ऑपोझिट पार्टी’ आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो. घाईत याचा ‘विरोधी पक्ष’ होतो आणि मोबाइलच्या दुकानदाराविरुद्धच्या तक्रारीत वाचकाला विधानसभा दिसू लागते. महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांच्या मराठी आदेशांत त्याला कुठे ‘सामनेवाले’, कुठे ‘विरुद्ध पक्ष’, कुठे ‘जाबदेणार’ म्हटलेलं आढळतं. ज्या आयोगासमोर कागद जाणार आहे, तिथला एखादा जुना आदेश काढून त्यातला शब्द उचलावा.

‘एक्स पार्टे’ म्हणजे एकतर्फी; इथे गोंधळ होत नाही. ‘इंटरेस्टेड पार्टी’मध्ये हमखास होतो. निविदेच्या जाहिरातीत तिचा अर्थ ‘इच्छुक’ असतो: ‘इच्छुकांनी अर्ज करावेत.’ जमिनीच्या फेरफाराच्या किंवा वारसाच्या प्रकरणात तोच शब्द ‘हितसंबंधित’ होतो, म्हणजे ज्याचा हक्क किंवा पैसा त्यात गुंतलेला आहे तो. त्याला त्या प्रकरणाची हौस असेलच असं नाही, बहुतेकदा नसतेच.

‘थर्ड पार्टी’साठी मराठीत दोन शब्द चालतात, ‘त्रयस्थ’ आणि ‘तृतीय पक्ष’, आणि ते एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. ‘त्रयस्थ’ला मराठीत तटस्थपणाची छटा आहे, त्रयस्थ नजरेने पाहणं म्हणजे गुंतून न पाहणं. बांधकामाच्या दर्जाची ‘थर्ड पार्टी’ तपासणी असेल तर ‘त्रयस्थ संस्थेकडून तपासणी’ अगदी चपखल बसतं, कारण तिथे तटस्थपणाच अपेक्षित आहे. मोटार विम्यात मात्र विमा उतरवणारा पहिला, कंपनी दुसरी आणि अपघातात ज्याचं नुकसान झालं तो तिसरा. पाय मोडून रुग्णालयात पडलेला माणूस तटस्थ कसा असेल? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीच्या असलेल्या विम्याला ‘तृतीय पक्ष विमा’ म्हणा, किंवा सरळ ‘थर्ड पार्टी विमा’. गाडीवाल्यांना यातला नंतरचाच शब्द कळतो. यात स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही हे वाचकांसाठीच्या माहितीपत्रकात वेगळ्या वाक्यात लिहावं, शब्दातून ते आपोआप कळत नाही.

माहितीच्या अधिकारात ‘त्रयस्थ पक्ष’ रुळला आहे, तो बदलू नका. मात्र अर्थ नीट सांभाळा: २००५ च्या या अधिनियमात अर्जदार नागरिकाखेरीज इतर व्यक्ती म्हणजे त्रयस्थ पक्ष, आणि त्यात सार्वजनिक प्राधिकरणही येतं. म्हणून ‘त्रयस्थ व्यक्ती’ लिहिलं की व्याख्येतला एक तुकडा गळतो. कलम ११ मधल्या मुदती भाषांतरात हमखास सरमिसळ होतात. माहिती अधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत त्रयस्थ पक्षाला लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत त्या पक्षाला म्हणणं मांडता येतं, आणि निर्णय अर्ज मिळाल्यापासून ४० दिवसांत. कोणता दिवस कशापासून मोजायचा हे प्रत्येक वाक्यात पुन्हा लिहा.

आंतरराष्ट्रीय करारांत ‘पार्टी’ म्हणजे करारात सामील झालेला. हवामान बदलावरच्या वार्षिक परिषदेला सर्रास ‘सदस्य देशांची परिषद’ म्हणतात. ऐकायला सोपं आहे, पण युरोपीय संघ हा देश नसूनही त्या कराराचा स्वतंत्र पक्ष आहे. ‘करारातील पक्षांची परिषद’ अचूक. बातमीत जागा नसेल तर ‘हवामान परिषद’. युद्धाच्या संदर्भात ‘पार्टीज टू द कॉन्फ्लिक्ट’ येतं तेव्हा ‘देश’ आणि ‘पक्ष’ दोन्ही टाळून ‘संघर्षात उतरलेल्या बाजू’ लिहावं. त्यात सशस्त्र टोळ्याही असू शकतात.

राजकारण

इथे ‘पक्ष’ बरोबरच आहे, प्रश्न नावांचा. पक्षाचं नाव विशेषनाम म्हणून ठेवायचं की भाषांतरित करायचं याला एकच नियम नाही, रूढी पाळावी. शेतकरी कामगार पक्ष, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष ही नावं मुळातच मराठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्थापन केलेला इंडिपेंडंट लेबर पार्टी मराठीत ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ म्हणूनच ओळखला जातो. त्यांच्या अनुयायांनी १९५७ मध्ये स्थापलेल्या पक्षाचा ‘रिपब्लिकन’ शब्द मात्र कोणी ‘प्रजासत्ताक’ केला नाही. ब्रिटनच्या लेबरला मजूर पक्ष आणि काँझर्व्हेटिव्हला हुजूर पक्ष म्हणणं अजून जिवंत आहे. हे यमक इतकं झकास आहे की ते मोडायला कोणाचाच हात धजत नाही, आणि मोडूही नये.

हिंदी नावात ‘पार्टी’ असेल तर मराठी वृत्तपत्रं बहुधा ‘पक्ष’ करतात: भारतीय जनता पक्ष, आम आदमी पक्ष. त्यातूनच ‘भाजप’ की ‘भाजपा’ हा न संपणारा घोळ. ‘पक्ष’ मानला तर भाजप आणि भाजपने, ‘पार्टी’ मानली तर भाजपा आणि भाजपाने. दोन्ही चालतात, पण एकाच बातमीच्या शीर्षकात एक आणि मजकुरात दुसरं चालत नाही. पक्षाचं पत्रक शब्दशः उद्धृत करत असाल तर त्यातलं रूप तसंच ठेवा.

‘लेजिस्लेचर पार्टी’ आणि ‘पोलिटिकल पार्टी’ हा फरक महाराष्ट्रात आता कोणाला समजावून सांगायला नको, तरी लिहिताना तो पुसला जातो. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टात दोन्हींच्या वेगळ्या व्याख्या आहेत. सभागृहातल्या एका पक्षाच्या सदस्यांचा गट म्हणजे विधिमंडळ पक्ष. बाहेरची मूळ संघटना म्हणजे राजकीय पक्ष. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाच्या निकालात स्पष्ट केलं, की प्रतोद आणि सभागृहातला नेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. या निकालावर लिहिताना नुसता ‘पक्ष’ लिहिला की वाक्याला अर्थच उरत नाही. ‘व्हिप’चंही तसंच. माणूस असेल तर ‘प्रतोद’, आदेश असेल तर ‘पक्षादेश’. ‘प्रतोद बजावला’ हे चूक.

‘टू पार्टी सिस्टिम’ला ‘द्विपक्षीय पद्धत’ लिहू नका. ‘द्विपक्षीय’ हा शब्द दोन देशांच्या चर्चेने आणि करारांनी अडवून ठेवला आहे. ‘द्विपक्ष पद्धती’ लिहा. आणि ‘पार्टी वर्कर’ म्हणजे ‘कार्यकर्ता’. ‘पक्षाचा कामगार’ हे यंत्राकडून येतं आणि तपासणाऱ्याच्या डुलकीमुळे छापलं जातं.

तुकड्या आणि पथकं

सर्च पार्टी शोधपथक, रेस्क्यू पार्टी बचाव पथक, वर्किंग पार्टी कार्यगट. पोलिसांच्या संदर्भात पथक, सैन्यात तुकडी, डोंगरावर चमू किंवा तुकडी. ‘अॅडव्हान्स पार्टी’ला ‘आगाऊ पथक’ म्हटलं तर हसू होईल. ‘आधी रवाना झालेली तुकडी’ लिहा. लष्करी अंत्यसंस्काराच्या बातमीतली ‘फायरिंग पार्टी’ म्हणजे मानवंदनेच्या फैरी झाडणारी तुकडी. तिला ‘गोळीबार पथक’ करू नये, त्या शब्दाने देहदंड देणारे डोळ्यांपुढे येतात. हॉटेलातली ‘पार्टी ऑफ फोर’ म्हणजे चौघे जण, बस्स.

‘पार्टी वॉल’ इथेच उरकू: दोन घरांमधली सामाईक भिंत. जुन्या वाड्यांच्या वाटणीपत्रांत हाच शब्द सापडतो.

खाणंपिणं

समारंभाच्या अर्थी ‘पार्टी’ मराठीच झाली आहे. वाढदिवसाची पार्टी, हुरडा पार्टी, रायगडकडची पोपटीची पार्टी. इथे ‘मेजवानी’ ओढून आणली की कृत्रिम वाटतं. ‘मेजवानी’ राजदूताने दिलेल्या भोजनाला शोभते. ‘फेअरवेल पार्टी’ला निरोप समारंभ, ‘टी पार्टी’ला चहापान. अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला मुख्यमंत्री देतात आणि विरोधक ज्यावर बहिष्कार टाकतात, ते चहापानच. ‘किटी पार्टी’ला भिशी म्हणता येईल, पण भिशीत पैशांचा फेरा मुख्य असतो. मूळ मजकुरात नुसतं खाणं आणि गप्पा असतील तर ‘मैत्रिणींची पार्टी’ लिहा.

बोस्टनची टी पार्टी मात्र भाषांतरित करू नका. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तिथल्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या गेल्या. ‘बोस्टनचे चहापान’ वाचून कोणालाही बशीत बिस्किटं दिसतील. त्याच नावाने २००९ पासून अमेरिकेत जी चळवळ उभी राहिली तिलाही ‘टी पार्टी पक्ष’ म्हणू नये. ती चळवळ होती, नोंदणीकृत पक्ष नव्हता.

‘वेडिंग पार्टी’ला पटकन ‘वऱ्हाड’ सुचतं. वऱ्हाड म्हणजे लग्नाला निघालेली मंडळी. अमेरिकी मजकुरात मात्र ती वधू-वर आणि त्यांच्याभोवतीचे ठरलेले मित्र-मैत्रिणी एवढ्यांचीच असते, पाहुणे तिच्यात येत नाहीत. तिथे ‘वधू-वर आणि त्यांचे सोबती’ लिहावं.

उलट दिशेचं भाषांतर करणाऱ्यांसाठी: मराठीत बढती मिळालेल्याकडे ‘पार्टी दे’ म्हणतात, तेव्हा इंग्रजीत ‘ट्रीट’ हवं. दलाल ‘पार्टी पक्की आहे’ म्हणतो तेव्हा ती खरेदीदार किंवा विक्रेता असते, आणि कला केंद्रात लावणीची बारी सादर करणाऱ्या संचालाही ‘पार्टी’ म्हणतात. बँड पार्टी म्हणजे वाजंत्री. यातल्या एकाही ठिकाणी इंग्रजीत हाच शब्द तसा ठेवून चालणार नाही.

छापायला देण्याआधी

शब्द बदलायचा ठरला तर ‘सगळे बदला’ हे बटण दाबू नका. ‘पार्टी’च्या जागी ‘पक्ष’ घातलात तर ‘पार्टीशन’चं ‘पक्षशन’ होतं आणि हुरडा पक्ष जन्माला येतो. शिवाय ‘पार्ट्या’ आणि ‘पार्ट्यांनी’ ही रूपं त्या शोधात सापडतच नाहीत, ती वेगळी शोधावी लागतात. बदल एकेक पाहून करा, आणि प्रत्येक बदलानंतर शेजारची विशेषणं आणि क्रियापदं तपासा. पार्टी स्त्रीलिंगी, पक्ष पुल्लिंगी. ‘दुसरी पक्ष सूचना देईल’ ही याच घाईची खूण.

शेवटी ‘पक्षांनी’ आणि ‘पक्ष्यांनी’ हे दोन शब्द शोधा. पहिला पक्षाचा, दुसरा पाखरांचा. ‘पक्षांचे स्थलांतर’ असं शीर्षक जायकवाडीच्या फ्लेमिंगोंवर टाकलं तर हसं होतं, आणि ‘दोन्ही पक्ष्यांनी करारावर सह्या केल्या’ हे स्पेलचेकला पूर्णपणे शुद्ध वाटतं.